पॉइंटवर पंचतारांकित एक रात्र: ठाणेकराचा सगळा हिशेब

खोलीचं कार्ड हातात दिलं तेव्हा बाबांनी पहिला प्रश्न विचारला, "अगं, किती पडले?" मी म्हटलं, "काही नाही, पॉइंट होते." त्यांनी आईकडे पाहिलं. नौपाड्यात दोन खोल्यांत संसार करून पै-पैचा हिशेब वहीत लिहिलेल्या माणसाला फुकटचं पंचतारांकित हॉटेल म्हणजे नक्की काहीतरी गफलत वाटणार. आणि बाबा चुकीचे नव्हते. पैसे पडलेच होते. फक्त ते आधी, थोडे थोडे आणि दुसऱ्याच खिशातून गेले होते.

हॉटेलात राहिलं किंवा कार्डावर खर्च केला की खात्यात जमा होतात ते हे पॉइंट. पॉइंट म्हणजे बक्षीस नव्हे, पॉइंट म्हणजे नोटा. हॉटेलवाला स्वतः छापतो, त्यांची किंमत तोच ठरवतो आणि वाटेल तेव्हा कमी करतो. त्यामुळे त्या साठवून ठेवायच्या नसतात, खर्चायच्या असतात; पण खर्चायच्या आधी पैशांत मोजायच्या असतात. ठाणे-नवी मुंबईत राहून हे कसं करायचं, ते इथे क्रमाने सांगते.

पॉइंट येतात कुठून

ऐरोली, महापे, घणसोलीच्या आयटी पार्कात काम करणाऱ्यांना हे लवकर कळतं. कंपनी हैदराबाद किंवा बेंगळुरूला पाठवते, बिल कंपनी भरते, पण हॉटेलचे पॉइंट राहणाऱ्याच्या नावावर जमा होतात. अट एवढीच की बुकिंग हॉटेलच्या स्वतःच्या साइटवरून, ॲपवरून किंवा कंपनीच्या ठरलेल्या दराने झालेलं असावं. प्रवासाच्या इतर साइटवरून केलेल्या बुकिंगला बहुतेक हॉटेल साखळ्या पॉइंट देत नाहीत. माझ्या पहिल्या वर्षाच्या सात-आठ रात्री अशाच वाया गेल्या. कंपनीच्या ट्रॅव्हल डेस्कला माझा सदस्य क्रमांक द्यायचा असतो, हेच मला ठाऊक नव्हतं. सदस्यत्व फुकट असतं. पहिल्या दौऱ्याच्या आधीच घेऊन टाका, आणि नाव पासपोर्टवर किंवा आधारवर आहे तसंच लिहा. 'स्नेहल' एकीकडे आणि 'स्नेहलता' दुसरीकडे असेल, तर पुढे पॉइंट हलवताना डोकं फिरतं.

दुसरा झरा क्रेडिट कार्डाचा. बँकेचे पॉइंट हॉटेलच्या खात्यात वळवता येतात, किंवा कार्डच हॉटेलच्या नावाचं असतं. मॅरियट या हॉटेल साखळीचं एचडीएफसी बँकेबरोबरचं कार्ड ऑगस्ट २०२३ मध्ये आलं, तेव्हा वार्षिक शुल्क ३,००० रुपये अधिक कर होतं आणि त्याबरोबर १५,००० पॉइंटपर्यंतच्या खोलीची एक रात्र मिळत होती. अशा कार्डाचा विचार करताना शुल्क, कर आणि ती एक रात्र एवढंच कागदावर मांडा. बाकी सगळी सजावट. ते डायनर्स क्लबचं आहे, जे सगळीकडे घेत नाहीत, म्हणजे जांभळी नाक्यावरच्या किराणा दुकानात चालेल या भरवशावर राहू नका.

पॉइंट विकत घ्यायच्या जाहिराती येतात. नेमक्या एका बुकिंगला दोन-चार हजार पॉइंट कमी पडत असतील तरच तिकडे वळा.

कुठले पॉइंट कुठे चालतात

पॉइंटवर थाटात राहायचं तर ठाणेकराची पावलं बहुतेक वेळा मुलुंडच्या पलीकडेच वळतात. सर्वांत जवळचं म्हणजे पवई तलावाकाठचं वेस्टिन. पूर्व द्रुतगती मार्गावरून जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडला वळलं की आलंच. ते मॅरियटच्या कुटुंबातलं. सहार आणि जुहूचं जेडब्ल्यू मॅरियट, लोअर परळचं सेंट रेजिस, वाशी स्टेशनजवळचं फोर पॉइंट्स हीही त्याच घरातली. म्हणजे एकाच खात्यातले पॉइंट वाशीच्या साध्या खोलीलाही चालतात आणि लोअर परळच्या उंच इमारतीतल्या खोलीलाही. आकडा अर्थातच वेगळा.

ॲकॉर या साखळीचा हिशेब सरळ आहे: २,००० पॉइंट म्हणजे बिलात ४० युरोची सूट. तुर्भ्याचं आयबिस आणि बीकेसीचं (वांद्रे-कुर्ला संकुल) सोफिटेल या दोन्ही ठिकाणी पॉइंटची किंमत तीच, त्यामुळे इथे फार हुशारीला वाव नाही. टाटांच्या पॉइंटना न्यूकॉइन म्हणतात, त्यात एक कॉइन म्हणजे एक रुपया, ताजमध्ये वापरा नाहीतर किराणा मागवा. आयटीसीचे ग्रीन पॉइंटही रुपयाच्या भावाने मोजले जातात. असं थेट रुपयाचं नातं ज्यांना आवडतं त्यांनी तिथेच राहावं. रात्री झोप चांगली लागते.

मॅरियट आणि हिल्टनमध्ये खोलीचा पॉइंटमधला भाव रोज हलतो. हयातमध्ये हॉटेलांचे वर्ग ठरलेले आहेत, एका वर्गात पॉइंटचा आकडा ठराविक मर्यादेतच फिरतो. हा फरक लक्षात ठेवा, तारखांच्या वेळी लागेल.

आणि मुदत. मॅरियट, हिल्टन, हयात या तिघांत २४ महिने खात्यात काहीच हालचाल झाली नाही तर पॉइंट जातात. ॲकॉरमध्ये ३६५ दिवस. वर्षातून एकदा हॉटेलच्या रेस्तराँमध्ये सदस्य क्रमांक देऊन जेवलं किंवा कार्डाचे थोडे पॉइंट वळवले, तरी बहुतेक ठिकाणी घड्याळ पुन्हा शून्यावर येतं.

हिशेब पैशांत करायचा

हा भाग वहीत करा, बाबांसारखा.

समजा, तुम्हाला हव्या त्या शनिवारी खोलीचा दर १४,००० रुपये आहे. दिवसाला ७,५०० रुपयांवरच्या खोलीला १८ टक्के जीएसटी लागतो. (२२ सप्टेंबर २०२५ पासून ७,५०० पर्यंतच्या खोलीचा कर ५ टक्क्यांवर आला, पण वरच्या खोल्यांना काही सुटका मिळाली नाही.) म्हणजे २,५२० रुपये कर धरून १६,५२०. तीच खोली पॉइंटवर २०,००० ला दिसतेय आणि वेगळा कर लागत नाही. १६,५२० भागिले २०,०००. एका पॉइंटचे साधारण ८३ पैसे.

आता इथे लोक थांबतात आणि ग्रुपवर फोटो टाकतात. थांबू नका. रोखीच्या दरात नाश्ता धरलेला होता का? पॉइंटच्या खोलीत बहुतेक वेळा नसतो. नाश्ता माणशी १,२०० अधिक कर धरला तर दोघांचे २,८३२ झाले. तेवढे वजा केले की उरतात १३,६८८, आणि पॉइंटची किंमत ६८ पैशांवर येते. शिवाय रोखीत सदस्यांचा सवलतीचा दर किंवा बँकेची सूट मिळणार असेल, तर तोच दर धरा. हॉटेलच्या पानावर खोडलेला मोठा आकडा असतो, त्याच्याशी तुलना करणं म्हणजे दसऱ्याच्या सेलमध्ये मूळ किमतीवर विश्वास ठेवणं.

पुढची पायरी कार्डवाल्यांसाठी. बँकेचे दोन पॉइंट देऊन हॉटेलचा एक मिळत असेल, तर बँकेच्या एका पॉइंटला पडले ३४ पैसे. तेच बँकेच्या कॅटलॉगमध्ये मिक्सर किंवा गिफ्ट व्हाउचरला २० पैसे देत असतील तर हॉटेल बरं. पण विमानाच्या तिकिटाला ५० देत असतील तर हॉटेल विसरा आणि कोचीला जा. मी स्वतः ७० पैशांखाली हॉटेलचे पॉइंट सहसा वापरत नाही. ही माझी रेघ आहे. तुम्ही तुमची आखा, पण आखा.

आधी खोली, मग पॉइंट

आता माझी चूक. तीन वर्षांपूर्वी आईच्या साठीला सरप्राइज द्यायचं म्हणून मी एका रात्री कार्डाचे सगळे पॉइंट एका साखळीकडे वळवून टाकले. बँकेच्या ॲपवर हिरवी बरोबरची खूण आली, मी खूश. दुसऱ्या दिवशी तारीख टाकली तर त्या शनिवारी पॉइंटवर खोलीच नाही. रोखीत होत्या, पॉइंटवर नव्हत्या. पुढचा शनिवारही नाही. वळवलेले पॉइंट परत बँकेत येत नाहीत. शेवटी साठी घरी श्रीखंड-पुरीवर झाली (उत्तम झाली, तो विषय वेगळा) आणि ते पॉइंट दीड वर्ष तसेच पडून राहिले.

म्हणून क्रम असा. ॲपमध्ये 'पॉइंट वापरा' ही खूण लावून तारीख शोधा. कॅलेंडरवर एकेका दिवसाचा आकडा दिसतो, महिनाभर पुढे-मागे पाहा. खोली दिसली की दोन पर्यायी तारखा टिपून ठेवा. मग बँकेच्या पानावर तीन गोष्टी वाचा: प्रमाण काय, वळवायला किती दिवस लागतात आणि वर्षाची कमाल मर्यादा आहे का. काही बँका लगेच वळवतात, काही चार-पाच दिवस घेतात. तेवढ्यात खोली गेली तर पर्यायी तारीख हाताशी हवी. वळवताना हवे तेवढेच वळवा. उरलेले बँकेत ठेवा, तिथे त्यांना दहा वाटा मोकळ्या असतात.

नवरा-बायकोचे किंवा भावंडांचे पॉइंट एकत्र करता येतात. मॅरियटमध्ये एका खात्यातून दुसऱ्या खात्यात वर्षाला एक लाखापर्यंत पॉइंट फुकट देता येतात. मात्र काल उघडलेल्या खात्यात आज हे होत नाही, म्हणून घरातल्यांची खाती आधीच उघडून ठेवा.

तारीख निवडणं, यातच खरी कमाई

धंद्याच्या भागातली हॉटेलं सोमवार ते गुरुवार भरलेली असतात. बीकेसी, तुर्भे, सहार इथे शनिवार-रविवार भाव उतरतो. जुहूला उलट. म्हणजे घरच्या लोकांना घेऊन शनिवारी राहायचं असेल तर समुद्राचा हट्ट सोडला की कमी पॉइंट जातात.

दुसरं, पंचांग पाहा. हे मी गमतीने सांगत नाही. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू झाले की मोठ्या हॉटेलांचे हॉल आणि त्याबरोबर खोल्या लग्नांनी भरतात. वऱ्हाडाने मजलेच्या मजले घेतलेले असतात, आणि पहाटेपर्यंत डीजे. चातुर्मासात, त्यातही पितृपक्षात, हेच हॉटेल शांत असतं. आईला पितृपक्षातली तारीख सांगितली तेव्हा ती म्हणाली, "पितरांना वाडी दाखवायची सोडून तिकडे पोहायला जायचं?" तो पंधरवडा सोडून मी ऑगस्टमधला एक ओला शनिवार घेतला.

आता उलटी बाजू. १८, १९ आणि २१ जानेवारी २०२५ ला नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्लेचे कार्यक्रम झाले, तेव्हा वाशी-नेरूळ-बेलापूरच्या खोल्यांचे भाव आभाळाला भिडले होते. २ नोव्हेंबर २०२५ ला तिथेच महिला विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. अशा रात्री रोखीचा भाव तिप्पट झाला तरी हयातसारख्या वर्ग ठरलेल्या साखळीत पॉइंटचा आकडा तिप्पट होत नाही. तेव्हा वर सांगितलेला भागाकार करून बघा, पॉइंटला दीड-दोन रुपये पडलेले दिसतील. अट एकच: तारीख जाहीर झाल्याच्या तासाभरात बुकिंग करायचं. पॉइंटचं बुकिंग बहुधा आदल्या एक-दोन दिवसांपर्यंत फुकट रद्द होतं, पण प्रत्येक बुकिंगची मुदत वेगळी असते. ती वेळ वाचून फोनवर गजर लावून ठेवा. चुकलात तर पॉइंट जातात.

पाच रात्री राहणाऱ्यांसाठी एक वाक्य: मॅरियटमध्ये पॉइंटवर सलग पाच रात्री घेतल्या तर चारचेच पॉइंट लागतात. आपल्याच गावात पाच रात्री कोण राहतं म्हणा, पण घराला रंग काढला असेल तर विचार करा.

बुकिंग झाल्यावर हॉटेलला एक फोन

ॲपवर सगळं दिसत असलं तरी आठवडाभर आधी हॉटेलला थेट फोन करा. पॉइंट माझे, राहणार आई-बाबा. तर त्यांची नावं बुकिंगवर घालून घ्या. नाहीतर सत्तरीतला माणूस काउंटरवर उभा आणि तुम्ही घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये. तिसरी व्यक्ती किंवा मूल असेल तर किती वयापर्यंत फुकट, जादा गादीचे किती, नाश्त्याचे किती, हे विचारून उत्तर ईमेलवर मागा. आणि सांगा की लग्नाचा वाढदिवस आहे. लाजू नका. केक येतो, कधी वरच्या मजल्याची खोलीही मिळते.

स्थानिक ओळखपत्राचाही प्रश्न याच फोनमध्ये मिटवा. ठाण्याचा पत्ता पाहून नाक मुरडणारी छोटी हॉटेलं असतात. तसा कायदा नाही, पण हॉटेलचा स्वतःचा नियम असू शकतो. मोठ्या साखळीत मला कधी अडचण आली नाही, तरी खात्री केलेली बरी. प्रत्येक मोठ्या माणसाचं मूळ ओळखपत्र हवं. पॅन कार्ड चालत नाही, त्यावर पत्ता नसतो. आधार द्यायचं तर आकडे झाकलेलं, म्हणजे मास्क्ड आधार, डाउनलोड करून ठेवा.

मग अनामत. पॉइंटवर खोली असली तरी खाण्यापिण्याच्या खर्चापोटी काउंटरवर कार्ड मागतात आणि काही हजार रुपये अडकवून ठेवतात. इथे क्रेडिट कार्डच द्या. बाबांनी अभिमानाने स्वतःचं डेबिट कार्ड पुढे केलं, आणि पेन्शनच्या खात्यातले पाच हजार नऊ दिवस अडकले. दहाव्या दिवशी परत आले, पण तोवर बाबा रोज सकाळी पासबुक छापायला बँकेत.

तिथे असताना

चेक-इन दुपारी तीनला, चेक-आउट बाराला, म्हणजे एक रात्र म्हणजे एकवीस तास. लांबवायचं असेल तर एक-दीडलाच पोहोचा, सामान काउंटरवर ठेवा आणि पवईला असाल तर तलावाकाठी बसा. खोली तयार असेल तर तीनच्या आधीही देतात. पोहायचं असेल तर नायलॉनचे कपडे घरून न्या. सुती बर्मुडा घालून पाण्यात उतरू देत नाहीत, आणि हॉटेलच्या दुकानातल्या कपड्याच्या किमतीत आपल्या राम मारुती रोडवर चार येतात. गाडीने जाणाऱ्यांना ऐरोली आणि मुलुंडचा टोल ऑक्टोबर २०२४ पासून लागत नाही. नवी मुंबईतून कुलाब्याकडे अटल सेतूने गेलात तर मात्र एका फेरीचे २५० रुपये धरा.

जेवणाचा खर्च हा या सगळ्यातला चोर दरवाजा. अशा हॉटेलातल्या रेस्तराँला साधारणपणे १८ टक्के जीएसटी असतो, रस्त्यावरच्या हॉटेलासारखा ५ नव्हे. दोन माणसांच्या रात्रीच्या बुफेत वाचवलेल्या खोलीचा निम्मा भाव परत जातो. म्हणून एकच जेवण तिथे घ्या. मी म्हणेन नाश्ता, कारण तो दोन तास चालतो आणि त्यात सगळं असतं. रात्री बाहेर पडा. लोअर परळला असाल तर दादरचं आस्वाद टॅक्सीने किती लांब? बिलात सेवा शुल्क लावलेलं दिसलं तर काढायला सांगा. ते आपोआप लावता येत नाही, हे ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये सांगितलं आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये कायम केलं. खोलीतल्या फ्रिजमधलं काही उचलू नका. किटलीजवळची चहा-कॉफी आणि पाण्याच्या दोन बाटल्या फुकट. आईने तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लोणच्याची छोटी बाटली नेलीच होती. पंधराव्या मजल्यावर, पावसात दिसेनाशा झालेल्या तलावाकडे बघत दोघांनी चारच्या चहाला त्या खाल्ल्या.

उशिरा निघायचं असेल तर सकाळी नऊला विचारा, साडेअकराला नाही. मॅरियटमध्ये वर्षभरातल्या रात्रींवरून सदस्याचा दर्जा ठरतो; गोल्डला दोनपर्यंतची मुभा मिळू शकते, प्लॅटिनमला चारपर्यंत. पण हॉटेल भरलेलं असलं की गोल्डला बाराच.

निघताना

बिल शून्याचं असलं तरी छापील किंवा ईमेलवर घ्याच. खोलीच्या नावावर लावलेल्या जेवणाचे पॉइंट पॉइंटवरच्या मुक्कामातही मिळतात, आणि मॅरियटमध्ये ती रात्र तुमच्या वर्षाच्या रात्रींतही मोजली जाते. आठवड्याभरात खात्यात दिसलं नाही तर ॲपमध्ये 'नोंद राहून गेलेला मुक्काम' अशी विनंती टाकायची असते, तिथे हेच बिल लागतं. आमच्या बिलात खाली एक ओळ होती: चॉकलेट, १, ३५० रुपये. आईने फ्रिज उघडलाच नव्हता. मी बाबांकडे पाहिलं. ते दरवानाला छत्री मागत होते.